हसऱ्या चेहऱ्यामागचा आजार आणि आमचे मौन

मोटार अपघाताचा दावा निकाली निघून भरपाईची रक्कम खात्यावर जमा झाली की अशील पेढे घेऊन येतो, हा आमच्या जालन्याच्या कोर्टातला जुना रिवाज आहे. एप्रिलच्या अखेरीस असाच एक अशील पेढे घेऊन आला. अंबड तालुक्यातला पस्तिशीचा बौद्ध तरुण. सहा वर्षांपूर्वी अपघातात पाय मोडला, मोलमजुरी सुटली, उधारी झाली, आणि सहा वर्षे तारखांना हेलपाटे घालून अखेर त्याचा हक्काचा पैसा त्याला मिळाला. त्याने पुडा टेबलावर ठेवला, खुर्चीत बसला आणि खिशातून मोबाईल काढला. अंगठा वर-खाली फिरू लागला. आम्ही म्हणालो, "अरे, आज तरी हस की." तो म्हणाला, "साहेब, खरं सांगू का? काहीच वाटंना."

आम्ही चहा मागवला आणि त्याला बोलते केले. दहा दिवसांपूर्वीच भीमजयंती झाली होती. गावातल्या मंडळाचा तो खंदा कार्यकर्ता. वर्गणी त्याने गोळा केली, निळे झेंडे त्याने बांधले, मिरवणुकीत पुढे तोच होता. "सगळे नाचायले म्हणून मी बी नाचलो. नाही नाचलो तर विचारतेत ना, काय झालं म्हणून." पोरगी वर्गात पहिली आली, तिने गुणपत्रक दाखवले तेव्हा हा "छान" म्हणाला आणि पुन्हा मोबाईलमध्ये बघू लागला. घरात मटण शिजले तरी चव कळत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रील्स बघतो. आम्ही विचारले, ते बघून बरे वाटते का? तो थोडा वेळ गप्प राहिला. "बरं नाही वाटत साहेब. पण खाली ठेवला की जास्त वाईट वाटतं."

याच वाक्यामुळे आम्हाला लेखणी हाती घ्यावी लागली आहे. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे. त्या दिवशी सकाळपासून त्याच्या मोबाईलवर सहा स्टेटस लागले होते. सर्वांत हसरा चेहरा, निळा फेटा आणि जय भीम.

नैराश्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दाढी वाढलेला, कोपऱ्यात बसून रडणारा माणूस येतो. सिनेमाने ते चित्र पक्के केले आहे. वैद्यकशास्त्र मात्र दोन लक्षणे मुख्य मानते. एक, मन उदास असणे. दुसरे, पूर्वी ज्या गोष्टींत रस होता, आनंद होता, त्यांतून तो निघून जाणे. या दोहोंपैकी एक जरी दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ टिकून राहिले आणि सोबत झोप, भूक, अंगातली शक्ती, लक्ष, स्वतःबद्दलचा विश्वास बिघडला, तर तो आजार असू शकतो. जगभरच्या दवाखान्यांत वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न रडण्याबद्दल नाहीच. गेल्या पंधरवड्यात कामात रस किंवा आनंद न वाटणे किती दिवस झाले, हा पहिला प्रश्न आहे. रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८९६ साली आनंद हरपण्याच्या या स्थितीला 'अनहेडोनिया' असे नाव दिले. आमच्या आयाबायांना ते नाव ठाऊक नव्हते, आजार ठाऊक होता. जीव रमंना, गोड लागंना, मन उडालं, हातपाय गळाले असे त्या म्हणत. (कशात 'राम' उरला नाही असेही लोक म्हणतात. आम्ही तो शब्दप्रयोग का करीत नाही, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगायला नको.)

म्हणजे न रडणारा, कामावर जाणारा, वर्गणी गोळा करणारा, विनोदावर हसणारा माणूसही आजारी असू शकतो. ही गोष्ट आमच्या समाजाला अजून समजलेली नाही. आणि मोबाईलने ती समजणे आणखी कठीण करून ठेवले आहे.

कसे, ते पाहा. पूर्वी वस्तीत एखादा माणूस चार दिवस ओट्यावर एकटा बसून राहिला, कुणाशी बोलला नाही, तर ते दिसत असे. शेजारची म्हातारी विचारायची, "का रे बाबा, जेवला का नाही?" विहारापुढच्या पारावर पत्त्यांचा डाव बसला आणि रोजचा गडी आला नाही तर कुणीतरी हाक मारायला जात असे. आज त्याच पारावर आठ माणसे बसतात आणि आठही जणांच्या माना खाली असतात. त्यांत कोण नातेवाइकाचा निरोप वाचतो आहे, कोण क्रिकेट बघतो आहे आणि कोण आतून विझत चालला आहे, हे बाहेरून ओळखायचे कसे? निरोग्याची आणि रोग्याची बसण्याची ढब एकच झाली आहे. घरातही तेच. बायको म्हणते, "हे घरात असतेत, पण नसतेत." कौटुंबिक वादाच्या किती प्रकरणांत आम्ही हे वाक्य ऐकले त्याची गणती नाही. आम्ही ते दुर्लक्षाचा पुरावा म्हणून अर्जात लिहीत आलो. त्यातल्या काही नवऱ्यांना नोटिशीआधी डॉक्टरची गरज होती, हे आज कबूल केले पाहिजे.

मोबाईलमुळे नैराश्य येते की नैराश्य आलेला माणूस मोबाईलमध्ये शिरतो, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. आम्हीही सगळा दोष त्या चौकोनी काचेवर ढकलणार नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि ज्यांच्या घरात कधी वर्तमानपत्र येत नव्हते त्यांच्या हातात जग आले. शिष्यवृत्तीचे अर्ज मोबाईलवर भरले गेले. अत्याचाराचे चित्रण मोबाईलवर झाले म्हणून गुन्हे नोंदवले गेले. नाहीतर आमची तक्रार घेतो कोण? बाबासाहेबांची भाषणे, ग्रंथांच्या प्रती खेड्यातल्या पोरांपर्यंत पोहोचल्या त्या याच यंत्रातून. ज्यांना हजारो वर्षे ज्ञानापासून दूर ठेवले त्यांना मोबाईल टाकून द्या असा उपदेश करणे सोपे आहे. आम्हाला तो मान्य नाही.

पण धंदा काय आहे तेही समजून घ्या. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली; आखूड व्हिडिओची सवय मात्र गेली नाही, ती दुसऱ्या कंपन्यांच्या दुकानात गेली. तीस सेकंदांचे चित्र संपण्याआधी दुसरे तयार. पुढे काय येईल ही उत्सुकता हाच गळ, आणि आपले डोळे किती वेळ काचेवर खिळून राहतात यावर कंपनीच्या जाहिरातीचा हिशेब. यात मेंदूला सतत थोडीथोडी फोडणी मिळते, पोट मात्र भरत नाही. मग भाकरी, गाणे, पोरीचे गुणपत्रक या हळूहळू चव देणाऱ्या गोष्टी फिक्या वाटू लागतात. झोप तुटते. झोप तुटली की मन आणखी खचते, आणि खचलेला माणूस पुन्हा मोबाईल उचलतो. ज्याच्या मनाला आधीच वाळवी लागली आहे त्याच्यासाठी हे चक्र अधिक घातक.

त्यात आमच्या समाजाच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. रोज रात्री आमच्या गटांवर काय फिरते? कुठे लग्नाची वरात अडवली, कुठे पुतळ्याची विटंबना, कुठे तरुणाला झाडाला बांधून मारले. पाहिलेच पाहिजे, कारण गप्प बसणे हा गुन्हा. पण एका माणसाने झोपण्यापूर्वी आपल्याच लोकांचे अपमान एकामागून एक पाहायचे, राग आणायचा, त्या रागाचे करायला हातात काही नाही म्हणून पुढे ढकलायचे आणि मध्येच एक नाचाची रील पाहायची, याने मनाचे काय होते? सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत लाठीमार झाला. त्यानंतर आपल्या जिल्ह्यातल्या मोबाईलांवर जातीजातींतले जे विष फिरले ते सर्व समाजांनी प्याले. शेजारी राहणारी, एकत्र शाळेत गेलेली माणसे एकमेकांचे स्टेटस बघून बोलेनाशी झाली. ज्या मनाला आनंद वाटत नाही त्याला राग तेवढा वाटतो आणि आपण जिवंत आहोत असे तेवढ्यापुरते भासते.

'जालना सोने का पालना' अशी म्हण आहे. पोलादाचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या, मोसंबीच्या बागा, वरून गेलेला समृद्धी महामार्ग. पालना आहे खरा, पण आमची लेकरे त्यात नाहीत. भट्टीसमोर बारा तास उभा राहणारा कोण? उसाच्या फडात सहा महिने पाचटावर झोपणारी बाई कोण? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १ लाख ७० हजार ९२४ लोकांनी आत्महत्या केली. त्यांतले २२ हजार ७४६ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक. आणि व्यवसायानुसार पाहिले तर एक चतुर्थांशाहून जास्त माणसे रोजंदारीवर जगणारी होती. शेतकऱ्याच्या दुःखावर अग्रलेख निघतात, निघायलाच हवेत. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याच्या दुःखाची नोंद कुठल्या रकान्यात होते? २०१५ साली शासनाने मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, जालना त्यात आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेली माणसे ओळखावीत ही कल्पना उत्तम. मात्र प्रकल्पाचे नावच शेतकरी समुपदेशनाचे. भूमिहीन मजुराच्या दारात तोच प्रश्न विचारला जातो का, हे आपापल्या गावातल्या आशाताईंना विचारून पाहा. त्या बिचाऱ्यांनाही कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता आमच्या घरातली गोष्ट.

चळवळीत एक कार्यकर्ते होते. आम्ही त्यांना काका म्हणत असू. नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले, गायन पार्टीत पेटी वाजवणारे, ज्यांच्या पेटीवर रात्र सरत असे. शेवटची तीन वर्षे रोज पहाटे पाचच्या आत आमच्या मोबाईलवर त्यांचा संदेश येई. बुद्धाचे चित्र, खाली 'नमो बुद्धाय'. आम्ही उठल्यावर हात जोडल्याचे चित्र परत पाठवत असू. तीन वर्षांत एकदाही फोन उचलून विचारले नाही, "काका, रोज एवढ्या पहाटे जागे का?" हृदयविकाराने ते गेले तेव्हा काकूंनी सांगितले की ते रात्री तीनलाच उठून बसत. जेवणावरून उठून जात. पेटीवर दोन वर्षांत हात ठेवला नव्हता. कुणी घरी आले की मात्र हसून बोलत, म्हणून काकूंनाही वाटले की वयोमानाने असेल. भल्या पहाटे जाग येऊन पुन्हा झोप न लागणे हे नैराश्याचे ओळखीचे लक्षण आहे, हे आम्हाला नंतर एका डॉक्टरांकडून कळले. आम्ही हजाराच्या वर वेळा हात जोडले होते.

काकांनी का सांगितले नाही? कारण चळवळीने त्यांना रडायला जागा ठेवली नव्हती. आम्ही भाषणांत सांगतो, तुम्ही वाघ आहात, वाघिणीचे दूध प्यायला आहात. वाघाला झोप लागत नाही हे वाघाने कुठे सांगायचे? नोकरी लागलेल्या मुलाने म्हणायचे नाही, कारण आख्ख्या घराचा तो पहिला पदवीधर. कार्यकर्त्याने म्हणायचे नाही, कारण विरोधक हसतील. बाईने म्हटले तर अंगात आले समजून आपल्यापैकीच काही जण अजूनही तिला बाबा-बुवाकडे नेतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आमच्याच वस्तीत वाचून दाखवायची वेळ येते. आणि म्हाताऱ्यांचे तर काय, त्यांचे दुखणे गुडघ्यात आणि कंबरेत शोधले जाते.

१९२६ साली राजरत्न हा लाडका मुलगा गेला. त्यानंतर बाबासाहेबांनी आपले मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. त्या पत्रात त्यांनी आपले दुःख झाकले नाही. लेकरांबरोबर आयुष्यातले मीठच निघून गेले, असा त्या मजकुराचा भाव आहे. मीठ गेले म्हणजे चव गेली. आमच्या अशिलाने त्याच्या भाषेत तेच सांगितले. महाडचा सत्याग्रह त्या पत्रानंतर वर्षभराच्या आत झाला, १९२७ साली. हा माणूस मित्राला सांगू शकत होता. आम्ही त्यांच्या जयंतीला दहा हजार रुपयांचा आवाज लावतो आणि आतला आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तो आणखी वाढवतो. उतारवयात, कामाचा डोंगर समोर असताना, त्याच बाबासाहेबांनी व्हायोलिन शिकायला घेतले होते. आनंद ही त्यांना फुरसतीची चैन वाटली नाही. धम्मातही मुदिता आहे, दुसऱ्याच्या सुखाने सुखावणे. दुसऱ्याच्या लग्नाचे, गाडीचे, बंगल्याचे स्टेटस पाहून आपल्या पोटात जे कालवते ते मुदिता नव्हे, एवढे तरी आपण जाणतो.

मात्र एक धोका इथेच सांगून ठेवतो. मानसिक आरोग्याचे नाव घेऊन अन्यायाला आजार ठरवण्याची चलाखी व्यवस्था करते. जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुला गेला, मे २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी गेली. लगेच कुजबुज सुरू झाली की मुले मनाने कमकुवत होती. ज्यांनी छळले त्यांच्यावर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली खटला चालला पाहिजे आणि जो छळला गेला त्याला उपचारही मिळाले पाहिजेत. एक मागितले म्हणून दुसरे सोडायचे नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात मानसिक आरोग्य हे कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगून शिक्षणसंस्था आणि शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. आपली मुले छत्रपती संभाजीनगर, पुणे, नांदेडला खोली घेऊन राहतात. त्यांच्या संस्थेत समुपदेशक आहे का, हे पालकांनी शुल्काची पावती घेताना विचारावे.

आता कायद्याचे बोलू, कारण तो आमचा धंदा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २०१८ पासून अमलात आहे. त्याचे कलम १८ प्रत्येक वकिलाने आणि प्रत्येक विहार समितीने वाचावे. शासनाच्या खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, ती परवडणारी, चांगल्या दर्जाची आणि जवळ उपलब्ध असली पाहिजे, आणि ती देताना लिंग, धर्म, वर्ग यांच्याबरोबरच जातीवरून भेदभाव करता येणार नाही. 'जात' हा शब्द त्या कलमात आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याकडे तसे कार्ड असो वा नसो, उपचार मोफत. जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसेल तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने सोसायचा आहे. विमा कंपनीला शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही संरक्षण द्यावे लागते. रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते. ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असे कलम ११५ गृहीत धरते; त्याला शिक्षा नव्हे, काळजी देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर जुन्या दंड संहितेचे कलम ३०९ उरलेलेच नाही. तरी आजही पोलिसांच्या भीतीने घरचे लोक अशा माणसाला दवाखान्यात नेत नाहीत किंवा नेले तर खोटे कारण सांगतात. तसे करू नका. वकिलाला फोन करा, पण आधी दवाखान्यात जा.

कागदावर हे सारे आहे. जमिनीवर काय? राज्यात ठाणे, पुण्याचे येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये. मराठवाड्याच्या वाट्याला एकही आले नाही. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने जालन्यात ३६५ खाटांच्या मनोरुग्णालयाला मंजुरी दिली. ही मोठी गोष्ट होती आणि तिचे श्रेय देण्यात आम्हाला संकोच नाही. त्या मंजुरीचे पुढे टप्प्याटप्प्याने काय झाले, निधी किती आला, पदे किती भरली, हे माहितीच्या अधिकारात विचारण्याचे काम आपले. पण आमचे मत स्पष्ट आहे. ३६५ खाटा ज्याला दाखल करावे लागते त्याच्यासाठी. पेढे घेऊन आलेल्या आमच्या अशिलाला खाट नको आहे. त्याला अंबडला, घनसावंगीला, मंठ्याला, भोकरदनला आठवड्यातून ठरलेल्या दिवशी बसणारा मानसोपचारतज्ज्ञ हवा, ग्रामीण रुग्णालयात संपत नाहीत अशा गोळ्या हव्यात आणि महिन्यातून एकदा ऐकून घेणारा माणूस हवा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे पंच्याऐंशींना उपचार मिळत नसल्याचे आढळले. त्या पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आमची मोजणीसुद्धा झाली नाही.

ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येते. ज्या मोबाईलवर रात्री दोनपर्यंत अंगठा फिरतो त्याच मोबाईलवरून हा क्रमांक लागतो. विहाराच्या फळ्यावर वंदनेच्या वेळेखाली तो लिहून ठेवा.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२ पासून तिथे रोज सायंकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांत टीव्ही, मोबाईल बंद होतो. मुले अभ्यास करतात, मोठी माणसे बोलतात. चांगले आहे. पण आम्हाला भोंग्याची गरज काय? आमच्याकडे विहार आहे, सायंवंदनेची वेळ आहे, वर्षावासात ग्रंथवाचन आहे. पूर्वी त्या वेळेला वस्ती एकत्र येत असे. आज वंदनेला दहा आयाबाया आणि बाहेर पायरीवर तीस मोबाईल. वंदना संपल्यावर लगेच घरी न जाता अर्धा तास बसा. उपदेश नको. कुणी महिनाभर आला नसेल तर दोघांनी त्याच्या घरी जा, चहा घ्या आणि विचारा, झोप लागते का, जेवण गोड लागते का, पूर्वी आवडायचे ते आता आवडते का. उत्तर 'नाही' आले तर "मन घट्ट कर" असे म्हणू नका. मोडलेल्या पायाला कुणी घट्ट कर म्हणत नाही. त्याच्यासोबत दवाखान्यात जा. एकटा जा म्हटले तर तो जाणार नाही, हा आमचा अनुभव आहे.

आमच्या अशिलाला घेऊन आम्ही स्वतः डॉक्टरांकडे गेलो. तो बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसला होता, गावातले कुणी बघेल म्हणून. गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच सोडायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी दोनदा बजावले. दुसऱ्या तारखेला तो आला नाही. कामाचा खाडा परवडत नव्हता. आम्ही फोन केला, त्याने उचलला नाही, पण तासाभराने स्टेटस मात्र लागला. मग त्याच्या गावच्या मंडळातल्या एका पोराला पाठवले. तिसऱ्या तारखेला दोघे मिळून आले. झोप थोडी सुधारली आहे. बाकी अजून नाही म्हणतो. पोरीने परवा पाढे म्हणून दाखवले तेव्हा मोबाईल बाजूला ठेवला होता, एवढे त्याने आपण होऊन सांगितले.

तालुक्याच्या ठिकाणी सोय नसल्याने झालेला उपचाराचा आणि प्रवासाचा खर्च मिळावा, असा अर्ज आम्ही त्याच्या वतीने केला आहे. प्रवासखर्चावर वाद होईल हे ठाऊक आहे, तरी मागितला आहे. सोबत कलम १८ ची प्रत जोडली आहे. अर्जाची पोच आमच्याकडे आहे.